आकिबा रुबिनस्टाइन : शेवटापर्यंत पाहणारा खेळाडू

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



जगज्जेत्यांची यादी आपल्याकडची मुले घडाघडा म्हणून दाखवतात. श्टाइनिट्झ, लास्कर, कापाब्लांका, अलेखिन, अशी ती माळ सुरू होते आणि आपल्या गुकेशपर्यंत येते. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे, त्या आकिबा रुबिनस्टाइनचे नाव या माळेत नाही. पण इथे बसलेले दहा-बारा वर्षांचे खेळाडू डावाच्या शेवटी राजाला मैदानात उतरवतात, हत्तीला प्याद्यांच्या राखणीला न बसवता शत्रूच्या मागे धाडतात, निमझो-इंडियनमध्ये चौथी चाल म्हणून राजासमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवतात, तेव्हा ते रुबिनस्टाइनच्याच वाटेने चालत असतात.

त्याच्याबद्दल दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. जगज्जेतेपद त्याच्या हातून थोडक्यात हुकले, ही एक. उत्तरायुष्यात त्याचे मन आजारी झाले, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. पण एवढ्यावर त्याचे चरित्र संपवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. किताब कोणाला मिळाला हे ठरवताना पैसा आणि युद्ध यांनीही आपले वजन टाकले होते. खेळ कोणी पुढे नेला हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर पटावरच शोधावे लागते. आपण ते तिथेच शोधू.

स्ताविस्की ते लोड्झ

रुबिनस्टाइनचा जन्म १८८० चा. गाव स्ताविस्की, आजच्या पोलंडमधले, पण त्या काळी रशियन झारच्या अमलाखालचे. घर ज्यू, परंपरेने विद्याव्यासंगी आणि परिस्थितीने बेताचे. तो बारा भावंडांतला धाकटा. वडिलांचे छत्र त्याला लाभलेच नाही. आजी-आजोबांकडे तो वाढला. मुलाने धर्मशास्त्र शिकावे, रब्बी व्हावे, अशी घरच्यांची इच्छा. त्याप्रमाणे तो ज्यू धर्मपाठशाळेत शिकू लागला आणि तिथेच, मिसरूड फुटण्याच्या वयात, त्याला बुद्धिबळाने पकडले.

इथे पालकांनी क्षणभर थांबावे. आज सहा वर्षांच्या मुलाला वर्गात घातले नाही तर उशीर झाला असे आपल्याला वाटते. कापाब्लांका चार वर्षांचा असताना वडिलांचा खेळ पाहून शिकला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. रुबिनस्टाइनला ज्या वयात पट माहीत झाला, त्या वयापर्यंत कापाब्लांकाचे कितीतरी डाव जिंकून झाले होते. उशिरा सुरुवात करूनही तो पहिल्या रांगेत गेला, याचे कारण त्याच्या अभ्यासाच्या पद्धतीत आहे. पोथीतली एकेक ओळ उलटसुलट तपासायची, तिच्यावर वाद घालायचा, अर्थ पुरता हाती लागेपर्यंत पुढे सरकायचे नाही, अशा शिक्षणात तो वाढला होता. हीच चिकाटी त्याने पटावर आणली, असे त्याचे डाव पाहताना मला सतत जाणवते.

विशीच्या सुमारास तो लोड्झला गेला. लोड्झ म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. तिथे गेओर्ग साल्वे हा नावाजलेला खेळाडू राहत होता. रुबिनस्टाइन त्याच्याशी खेळत राहिला, हरत राहिला, शिकत राहिला, आणि १९०३ मध्ये त्याने साल्वेबरोबरचा सामना बरोबरीत सोडवला. त्याच वर्षी कीव्हला अखिल रशियन स्पर्धेत तो पाचवा आला. १९०५ मध्ये जर्मनीतल्या बार्मेनला त्याने ड्युरासच्या जोडीने पहिला क्रमांक मिळवला. १९०७ मध्ये ओस्टेंडला बर्नस्टाइनसह संयुक्त पहिला आणि कार्ल्सबादला एकटाच पहिला. अवघ्या चार वर्षांत लोड्झचा हा अबोल तरुण युरोपातल्या कोणत्याही स्पर्धेचा दावेदार झाला होता.

दोन डाव

नुसत्या क्रमांकांनी खेळाडू कळत नाही. म्हणून त्याचे दोन डाव जवळून पाहू.

पहिला १९०७ चा, लोड्झमधला. समोर गेर्श रोटलेवी, पांढऱ्या मोहऱ्यांनी. दोघांनी जवळजवळ एकसारखी मांडणी केली: दोन्ही उंट मोठ्या कर्णांवर रोखलेले, वजीर ई पट्टीवर, घोडे मध्यावर नजर ठेवून. पण रोटलेवीने वजीर आधी एका घरात नेला, मग दुसऱ्या. उंटही दोन हप्त्यांत योग्य जागी आणला. पंधराव्या चालीनंतर पट पाहिला तर दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या दिसतात. फरक इतकाच, की काळ्याचा एक हत्ती आधीच मोकळ्या पट्टीवर येऊन बसला आहे आणि पुढची चालही काळ्याचीच आहे. दोन चालींचा फायदा. सामान्य खेळाडूला तो दिसतही नाही.

रुबिनस्टाइनने त्या दोन चालींचे काय केले ते पाहा. त्याचा घोडा आणि वजीर पांढऱ्या राजावर चालून गेले. बाविसाव्या चालीला रोटलेवीने प्यादे पुढे सारून वजिराला हुसकले. वजीर मारला जाणार हे दिसत असताना रुबिनस्टाइनने तो तसाच ठेवला आणि हत्तीने पलीकडचा घोडा मारला. रोटलेवीने वजीर घेतला. तेव्हा रुबिनस्टाइनने दुसरा हत्ती थेट शत्रूच्या वजिराच्या तोंडी दिला. तोही मारला गेला. मग उंटाचा शह आला. वजिराला राजापुढे आडवे यावे लागले आणि तिथेच तो जखडला गेला. शेवटी उरलेला हत्ती शांतपणे तिसऱ्या ओळीतून एच पट्टीवर सरकला. पुढच्या चालीला मात. रोटलेवीकडे एक वजीर जास्त होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता. त्याने डाव सोडला.

या डावाला बुद्धिबळाच्या इतिहासात अमर डावांच्या पंक्तीत जागा आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की तो वजिराचा बळी आकाशातून पडलेला नाही. त्याची बीजे पंधराव्या चालीच्या आधीच, प्रतिस्पर्ध्याने फुकट घालवलेल्या दोन चालींत आहेत. मोहऱ्यांची कामे नीट वाटली गेली होती, म्हणून बळी देण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येक मोहरा जागेवर हजर होता.

दुसरा डाव याच्या अगदी उलट स्वभावाचा. १९०९, सेंट पीटर्सबर्ग, प्रतिस्पर्धी एरिक कोन. इथे ना बळी, ना हल्ला. मोहरे सगळे पटावरून गेलेले. दोन राजे आणि दोघांकडे सारखीच प्यादी. आपल्यापैकी अनेकांनी इथे हस्तांदोलन करून बरोबरी घेतली असती. पण पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कोनची एफ पट्टीवरची दोन प्यादी एकामागे एक अडकलेली होती आणि एच पट्टीवरचे प्यादे एकटे पडले होते. रुबिनस्टाइनचा राजा निघाला: एफ-६, जी-५, एच-४, एच-३. तो शत्रूच्या एकट्या प्याद्याशेजारी जाऊन उभा राहिला. आता त्या प्याद्याला वाचवायला पांढऱ्या राजाला कोपऱ्यात येऊन बसणे भाग होते. पांढरा राजा असा अडकल्यावर काळ्याने घाई केली नाही. पटाच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्याला काही करता येणार नाही याचा आधी बंदोबस्त केला आणि मगच राजाच्या बाजूची प्यादी पुढे काढून कोंडी फोडली.

मुलांनो, हा डाव घरी पटावर मांडून पाहा. तुमच्या शिक्षकांनी राजा डावाच्या शेवटी लढवय्या होतो असे सांगितले असेल. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचे नाही.

हे दोन डाव एकाच माणसाचे आहेत यातच रुबिनस्टाइनचे मर्म आहे. त्या पिढीत डावाची सुरुवात, मधला भाग आणि शेवट ही जणू वेगवेगळी प्रकरणे मानली जात. रुबिनस्टाइन सुरुवातीची चाल निवडतानाच, मोहरे संपल्यावर प्यादी कोणत्या रचनेत उरतील याचा विचार करी. हत्तींच्या शेवटांत तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. प्यादे वाचवण्यासाठी हत्तीला बांधून ठेवण्यापेक्षा प्यादे गेले तरी चालेल, हत्ती मोकळा हवा, हे त्याने डावामागून डाव दाखवून दिले. त्याच सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेतला श्पीलमानविरुद्धचा हत्तींचा शेवट आजही प्रशिक्षणाच्या पुस्तकांत पाठ म्हणून दिला जातो.

१९०९ ते १९१४

ती सेंट पीटर्सबर्गची स्पर्धा चिगोरिनच्या स्मरणार्थ भरली होती. जगज्जेता इमॅन्युएल लास्कर स्वतः खेळत होता. रुबिनस्टाइनने समोरासमोरच्या डावात त्याला हरवले. शेवटी दोघांचेही १८ पैकी साडेचौदा गुण झाले आणि पहिला क्रमांक विभागून गेला. त्यांच्या खालोखाल ड्युरास आणि श्पीलमान ११ गुणांवर. म्हणजे बाकीचे जग साडेतीन गुणांनी मागे होते.

१९११ मध्ये सॅन सेबास्टियनला कापाब्लांका नावाचा तेजस्वी तारा युरोपात उगवला. स्पर्धा त्याने जिंकली, साडेनऊ गुणांनी. अर्धा गुण मागे रुबिनस्टाइन आणि विदमार. त्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवणारा एकटा रुबिनस्टाइन, आणि स्वतः तो एकही डाव हरला नाही.

मग आले १९१२. सॅन सेबास्टियन, पिश्त्यानी, ब्रेस्लाउ, वॉर्सा, विल्ना. एका वर्षात पाच स्पर्धांत पहिला क्रमांक. त्यातला ब्रेस्लाउचा ड्युरासबरोबर वाटून, बाकी निखळ. जुन्या निकालांवरून आज जी गणिती गुणांकने काढली जातात, त्यांतही १९१२ च्या मध्यापासून सुमारे दोन वर्षे जगात पहिला म्हणून त्याचेच नाव येते.

मग तो जगज्जेता का झाला नाही? त्यासाठी तेव्हाची पद्धत समजून घ्यावी लागेल. आज आव्हानवीर ठरवायला कँडिडेट्स स्पर्धा आहे, विश्वचषक आहे, आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. महासंघ स्थापन झाला १९२४ मध्ये आणि जगज्जेतेपदाची सूत्रे त्याच्या हाती आली ती १९४८ मध्ये. त्याआधी किताब ही जवळजवळ जगज्जेत्याची खासगी मालमत्ता होती. कोणाशी खेळायचे, कधी, किती रकमेवर, हे तोच ठरवी. पैसा उभा करायची जबाबदारी आव्हान देणाऱ्यावर. त्यासाठी धनिकांच्या क्लबांत ऊठबस हवी, चार भाषांत गप्पा मारता यायला हव्यात, वर्तमानपत्रांतून आपले म्हणणे पुढे रेटायला हवे. रुबिनस्टाइन लाजाळू आणि मितभाषी होता. यातले काहीच त्याच्याजवळ नव्हते. होता तो फक्त खेळ.

तरीही लास्करशी सामन्याचे ठरले. १९१४ च्या वसंतात सेंट पीटर्सबर्गला जी मोठी स्पर्धा झाली, तीत मात्र त्याचा खेळ बसलाच नाही. अंतिम फेरीच्या पाच जणांत तो येऊ शकला नाही. लास्करने ती स्पर्धा जिंकली. आणि त्याच उन्हाळ्यात पहिले महायुद्ध पेटले. पोलंडच्या भूमीवरून सैन्ये येत-जात राहिली. सामन्याचा विषय तिथेच मिटला. ऐन भरातली त्याची वर्षे युद्धाने खाल्ली.

युद्धानंतर

युद्ध संपले तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. युद्ध चालू असतानाच, १९१८ च्या सुरुवातीला, बर्लिनमध्ये त्याने श्लेख्टरविरुद्धचा सामना जिंकला. १९२० मध्ये गोटेबर्गला दुसरा आला. १९२२ मध्ये व्हिएन्नाला अलेखिनसह सर्वांना मागे टाकून पहिला. आता जगज्जेता होता कापाब्लांका. रुबिनस्टाइनने त्याला आव्हान दिले. पण कापाब्लांकाने १९२२ मध्ये लंडनला सामन्यांचे नियम घालून दिले होते आणि त्यात बक्षिसाची रक्कम होती किमान १०,००० डॉलर. नियमावर सही करणाऱ्यांत रुबिनस्टाइनही होता. महायुद्धात होरपळलेल्या युरोपात, चलने कोसळत असताना, इतके पैसे त्याच्यासाठी कोण काढणार? ते जमले नाहीत. पाच वर्षांनी अलेखिनला ब्वेनोस आयरेसमध्ये संधी मिळाली आणि तो जगज्जेता झाला. दहा हजार डॉलर उभे राहिले म्हणून १९२७ चा सामना झाला, उभे राहिले नाहीत म्हणून रुबिनस्टाइनचा झाला नाही. या हिशेबात बुद्धिबळ फार थोडे आहे.

पुढे तो बेल्जियममध्ये स्थायिक झाला. सगळे संपले असे लोकांना वाटत असताना १९३० मध्ये हॅम्बुर्गच्या ऑलिम्पियाडमध्ये तो पोलंडच्या पहिल्या पटावर बसला. १७ डाव, १३ विजय, ४ बरोबऱ्या, हार एकही नाही. पोलंडने सुवर्णपदक जिंकले. त्या संघात टार्टाकोव्हर होता, आणि दाविद प्शेपियुर्काही होता. दहा वर्षांनी नाझींनी वॉर्साजवळच्या पाल्मिरीच्या जंगलात प्शेपियुर्काला गोळ्या घालून मारले. रुबिनस्टाइनच्या उत्तरायुष्याकडे पाहताना हा काळ नजरेआड करता येत नाही.

१९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये एक डाव आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा झाला. पंजाबातून गेलेला आणि ब्रिटिश संघाकडून खेळणारा मीर सुलतान खान याने तिथे रुबिनस्टाइनला हरवले. पुस्तके न वाचता घडलेला एक आणि पोथीसारखे डाव वाचून घडलेला दुसरा. दोघेही आपल्या काळाच्या संस्थांना नीट सांभाळता न आलेले खेळाडू.

आजार

आता त्याच्या आजाराविषयी. माणसांची भीती त्याला आधीपासूनच वाटत असे. ती वाढत गेली. चाल केल्यावर तो पटापासून उठे आणि प्रतिस्पर्ध्याचे उत्तर येईपर्यंत सभागृहाच्या कोपऱ्यात जाऊन थांबे. १९३२ नंतर तो स्पर्धांत दिसला नाही. पुढची २९ वर्षे कधी घरी, कधी रुग्णालयात गेली. नाझींच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये हा ज्यू माणूस युद्धातून जिवंत राहिला. मार्च १९६१ मध्ये अँटवर्प इथे त्याचे निधन झाले.

त्याच्या आजाराचे किस्से बुद्धिबळाच्या जगात चवीने सांगितले जातात. मी ते इथे सांगणार नाही. त्यांतले बरेच ऐकीव आहेत, आणि खरे असले तरी एखाद्याच्या दुखण्यावर टाळ्या घ्यायच्या नसतात. मनाचा आजार हा आजार आहे. बुद्धिबळाने तो होत नाही आणि प्रतिभेची ती किंमतही नाही. शिवाय एक गोष्ट या किश्श्यांत हरवते: आजार वाढत असतानाच्या काळातले त्याचे डाव तितकेच नितळ आहेत. हॅम्बुर्गचे ते सतरा डाव त्याच काळातले. पटावर त्याचे मन शेवटपर्यंत व्यवस्थित, सुसंगत आणि निर्भय राहिले. बेल्जियमचा आल्बेरिक ओ'केली त्याच्याजवळ शिकला आणि पुढे पत्रव्यवहाराने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा जगज्जेता झाला.

मागे काय उरले

रुबिनस्टाइनने एकही पुस्तक लिहिले नाही. निमझोविचने लिहिले, टाराशने लिहिले, लास्करने लिहिले. याने फक्त डाव ठेवले. पण त्या डावांनीच शिकवण्याचे काम केले. १९५० मध्ये महासंघाने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले तेव्हा २७ जणांत त्याचे नाव होते. पोलंडमधल्या पोलानित्सा-झ्द्रुय या गावी १९६३ पासून त्याच्या स्मरणार्थ स्पर्धा भरत आली आहे. फ्रेंच बचावात, निमझो-इंडियनमध्ये, चार घोड्यांच्या डावात त्याच्या नावाच्या पद्धती आहेत.

आणि एक पद्धत अशी आहे, जिच्यावर त्याचे नाव नाही पण जी आपल्या अगदी जवळची आहे. १९२४ मध्ये इटलीतल्या मेरान या गावी रुबिनस्टाइनने ग्रुनफेल्डविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी वजिराच्या बाजूची प्यादी झपाट्याने पुढे काढण्याची एक योजना यशस्वीपणे खेळून दाखवली. तिला त्या गावाचे नाव पडले. ८४ वर्षांनी, २००८ मध्ये, बॉनला विश्वनाथन आनंद क्रामनिकविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना खेळत होता. तिसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी त्याने मेरान पद्धत मांडली आणि जिंकला. पाचव्या डावात तीच पुन्हा मांडली आणि पुन्हा जिंकला. सामना तिथेच झुकला; साडेसहा विरुद्ध साडेचार अशा फरकाने आनंदने किताब राखला. २०१२ मध्ये आनंदसमोर आव्हानवीर म्हणून बसलेला बोरिस गेलफांड तर आपण रुबिनस्टाइनच्या डावांवर वाढलो हे वारंवार सांगत आला आहे. ज्याला सामन्यासाठी दहा हजार डॉलर मिळाले नाहीत, त्याची विद्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत पटाच्या दोन्ही बाजूंना पोहोचली.

म्हणून पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी एक विनंती आहे. मूल स्पर्धेहून परत आले की आपला पहिला प्रश्न असतो, कितवा नंबर आला? रेटिंग किती वाढले? ते विचारायला हरकत नाही. पण त्यानंतर पट मांडा आणि विचारा, आज तू कोणती चाल शोधलीस? हत्ती कुठे ठेवलास आणि का? आठवड्यातून एक दिवस ओपनिंगची पाठांतरे बाजूला ठेवा आणि रुबिनस्टाइनचा एक एंडगेम मुलांसमोर मांडा. त्यांना आधी स्वतः चाल शोधू द्या, मग त्याची चाल दाखवा. राजा एच-३ वर का गेला हे ज्या मुलाला स्वतःहून सुचेल, त्याच्या हाती कोणत्याही चषकापेक्षा जास्त टिकणारे काही आले असे समजा.

मुलांनो, जगज्जेत्यांची यादी जरूर पाठ करा. तिच्या शेजारी दुसरी एक यादी तयार करा: ज्यांच्यामुळे बुद्धिबळ आधीपेक्षा जास्त समजू लागले, त्यांची. त्या यादीत नाव लागायला पैसे उभे करावे लागत नाहीत, युद्ध आडवे येत नाही, आणि ती अजून पूर्ण झालेली नाही. तिच्यात रुबिनस्टाइनचे नाव मी पहिल्या चार-पाचांत लिहीन. पुढच्या ओळी तुमच्यासाठी मोकळ्या आहेत.